उभं राहू न देणारे आबा

भडगावला जायचं की नाही, यावर मी सहा दिवस घोळ घातला. सुटी होती, घरी दीपनगरला आले होते, आईच्या हातची शेवेची भाजी खाऊन दुपारी झोपा काढत होते, आणि मनात एकच चाललं होतं, आबांना सांगायचं की नाही. बातमी तशी चांगली होती. मी उडवत असलेल्या विमानाचा ऑटोपायलट, आपोआप विमान चालवणारं यंत्र, भर आकाशात अचानक सुटला, मागे दीडशेच्या वर माणसं होती आणि कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. ज्यांनी आपल्याला उडायला शिकवलं त्यांना ही गोष्ट सांगण्यात अडचण ती काय, असं कोणीही म्हणेल. पण मला भीती वाटत होती. हीच गोष्ट ऐकून आबांचं जुनं दुखणं नव्याने उघडं पडेल आणि ते उघडायला मीच गेलेली असेन, अशी ती भीती होती. आबा कोण हे सांगितल्याशिवाय ती कळायची नाही.

धुळ्याजवळ एका धावपट्टीवर विमान शिकवणारी छोटी शाळा होती. आबा तिथे शिकवायचे. त्यांचं नाव मी सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. कागदावर ते कॅप्टन अमुक तमुक होते, पण मेकॅनिकपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे आबाच म्हणत. मूळचे भडगावचे, गिरणेकाठचे. साठीला आलेले, उंच, खांद्यात जरा वाकलेले, आणि पायात कायम पांढरे कॅनव्हासचे बूट. सकाळी पहिल्या उड्डाणाआधी ते अख्खी धावपट्टी पायी चालून यायचे. वाटेत खडे वेचून खिशात टाकायचे, कुत्री हाकलायचे, आणि परत आल्यावर खिसे झाडून त्या खड्यांचा ढीग विमानं ठेवायच्या हँगरच्या भिंतीशी घालायचे. तो ढीग माझ्या काळात गुडघ्याएवढा झाला होता.

आकाशात ते इंग्रजी बोलत, जमिनीवर मराठी, आणि राग आला किंवा माया आली की अहिराणी. त्यामुळे अहिराणी सुरू झाली की दोन्हीपैकी काय आलंय हे चेहऱ्याकडे बघून ठरवावं लागे. विद्यार्थ्यांना ते गावाच्या नावाने हाक मारत. "चाळीसगाव, इंधन बघितलं का?" "दीपनगर, तू आकाशात आली आहेस, बाजारात नाही. एवढी इकडंतिकडं काय बघतेस?" दीड वर्षात त्यांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही. त्यांना ते ठाऊकच नव्हतं अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

त्यांची सगळ्यात मोठी खोड अशी की चालत्या वाहनात कोणी उभं राहिलेलं त्यांना बघवत नसे. शाळेच्या जीपमध्ये जागा कमी आणि मुलं जास्त असत. एखादा मागे दांडी धरून लोंबकळला की आबा जीप थांबवत आणि स्वतः उतरून पायी चालू लागत. मग तोही खजील होऊन उतरे आणि दोघं धुळीतून मागोमाग येत. एसटीत तर बघायलाच नको. मी एकदा त्यांच्याबरोबर धुळ्याहून चाळीसगावपर्यंत गेले होते. आबांना खिडकीची जागा मिळाली होती. बस सुटताच ते उठले आणि दांडीला धरून उभ्या असलेल्या एका धडधाकट पोराला म्हणाले, "बठी जाय." त्याला वाटलं हे उतरणार असतील. तो बसला. आबा स्वतः उभे राहिले नाहीत, ते खाली पत्र्यावर मांडी घालून बसले आणि तिथून पुढच्याला म्हणाले, "तू बी बठी जाय, खाले बठ." दहा मिनिटांत अर्धी बस खाली बसलेली. कंडक्टर तिकिटं फाडत आला तर त्यालाही म्हणाले, "भाऊ, जरा बठीसन फाडा." कंडक्टर म्हणाला, "बाबा, मी बसलो तर तिकिटं कोण काढील?" सगळे हसले. आबा हसले नाहीत. कंडक्टर उभा होता तोवर ते त्याच्या पायांकडे बघत राहिले.

आम्ही मुलं त्यांना पाठीमागे 'बठीजाय आबा' म्हणायचो. लग्नाच्या ट्रॅक्टरमध्ये नवऱ्या मुलाच्या मित्रांना त्यांनी कसं ट्रॉलीत बसवलं, यात्रेत पाळण्यावर उभ्या राहिलेल्या पोरांसाठी पाळणेवाल्याशी कसे भांडले, असे किस्से सांगून आम्ही पोट धरून हसायचो. आज त्या हसण्याची लाज वाटते, पण तेव्हा आम्हाला काय ठाऊक.

त्यांच्या दुसऱ्या खोडीवर मात्र कोणी हसत नसे, कारण ती आपल्यावर बेतायची. त्यांच्याकडे चावीचं गजराचं घड्याळ होतं, डोक्यावर दोन वाट्या असलेलं. ते कापडी पिशवीत घालून आबा विमानात घेऊन बसत. छोटं दोन सीटचं विमान, शेजारी आबा, खाली काळी जमीन. कधी काय होईल याचा नेम नसे. तुम्ही छान सरळ चालला आहात, आता मला येतंय असं वाटायला लागलंय, आणि तेवढ्यात आबा ते घड्याळ तुमच्या कानावरच्या हेडफोनला टेकवून वाजवत. डोक्यात कोणी टिनाचे डबे बडवतंय असं होई. तुमचा हात उडाला, विमानाने नाक वर केलं किंवा खाली घातलं, की आबा घड्याळ बंद करून एवढंच म्हणत, "उतर." बस. त्या दिवसाचं शिकणं संपलं. उतरून ते खडे वेचायला जात.

ते सांगत, "घंटी वाजली की घंटीकडं बघू नको. विमानाला विचार, तू काय करी ऱ्हायनं? ते सरळ चाललं असेल तर त्याला सरळ चालू दे. हातावर बसून घे पाहिजे तर." आणि खरंच हातावर बसायला लावत. विमान नीट समतोल करून द्यायचे आणि आम्ही दोन्ही तळहात मांडीखाली घालून बसायचं. आबा घड्याळ वाजवत राहायचे. एप्रिलच्या दुपारी तिकडचं आकाश उकळत असतं. गिरणेकाठी केळीच्या बागांवर आलं की विमान दबतं, नांगरलेल्या काळ्या रानावर आलं की उठतं. मांडीखालचे हात वळवळायला लागतात. "केळीवर दबंल, काळ्यावर उठंल," आबा म्हणत, "त्यात तुझं काय जातंय? ते आपलं आपण येतंय जागेवर. तू बठ."

माझं तिथेच अडलं. माझे हात बसायला तयार नव्हते. वडील वीजकेंद्रात कंट्रोल रूमला होते. आमच्या घरात भोंगा वाजला की जेवणाच्या ताटावरून उठून पळायचं हे मी लहानपणापासून बघितलेलं. घंटा वाजली आणि काही केलं नाही हे माझ्या रक्तात नव्हतं. सलग नऊ वेळा आबांनी मला "उतर" म्हटलं. विमानाच्या स्टीअरिंगला आम्ही कंट्रोल म्हणतो, तो मी इतका आवळून धरायची की उतरल्यावर बोटं सरळ होत नसत. दहाव्या वेळी आबा उतर म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "दीपनगर, तुझं काम इथं होणार नाही. आखाजीला माझ्याबरोबर भडगावला चल." मला वाटलं, घरी बोलावून गोड बोलून शाळेतून काढणार.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे खापरावरचे पुरणाचे मांडे होतात. आबांच्या घरी त्यांची मोठी बहीण, अक्का. आबांनी लग्न केलं नव्हतं आणि अक्का लवकर विधवा होऊन माहेरी आलेल्या, तेव्हापासून दोघंच. अंगणात चूल, चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर, आणि त्यापुढे पाटावर बसलेल्या अक्का. पुरण भरलेला गोळा त्यांनी थोडा लाटला आणि उचलून दोन्ही हातांवर घेतला. मग एका हातावरून दुसऱ्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत, तो फिरत गेला आणि मोठा होत गेला. बघताबघता धोतराएवढा झाला, पलीकडची चूल त्यातून दिसायला लागली, आणि अक्कांनी तो अलगद खापरावर टाकला. त्यांच्या बोटांनी त्याला कुठे धरलेलं मला दिसलंच नाही.

"कर," आबा मला म्हणाले.

पहिला मांडा फाटला. दुसरा फाटला. तिसरा माझ्या हातावर होता, मी श्वास धरून तो फिरवत होते, आणि मागून आबांनी ते मेलं घड्याळ वाजवलं. मी दचकून मूठ आवळली. पुरण थेट चुलीत पडलं. अक्कांनी आबांच्या दिशेने उलथनं उगारलं आणि म्हणाल्या, "सणना दिनले तरी ते ठेव ना भाऊ." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू दचकनी तरी चालई. बोटं नको दचकू देऊ. मांडाले समजू दे का हात खालेच शे, बस."

त्या दिवशी माझ्या हातून सतरा मांडे वाया गेले. अठरावा खापरावर पडला तेव्हा आबा मागे घड्याळ वाजवत होते. मी दचकले होते, पण बोटं आपली चालतच राहिली. आबांनी घड्याळ बंद केलं आणि ते बाहेर नदीच्या अंगाला निघून गेले. माझं कौतुक करतील म्हणून मी वळले तर मागे कोणी नव्हतं.

"आबा चिडले का?" मी विचारलं.

अक्का म्हणाल्या, "चिडी कसाले? त्याले याद उनी."

मग मांडे टाकताटाकता त्यांनी मला ती आठवण सांगितली, जी शाळेत कोणालाही माहीत नव्हती. आबा पूर्वी मोठी विमानं उडवत. भर दिवसा, स्वच्छ आकाशात ते असेच चालले होते, पुढ्यात कागद घेऊन काहीतरी लिहीत होते, आणि ऑटोपायलट आपोआप सुटला. घंटा वाजली. आबांनी पेन टाकून कंट्रोल धरला आणि ओढला. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, तिथे जरासा धक्काही फार होतो. विमानाने नाक वर केलं. त्यांनी घाबरून ते खाली दाबलं, मग पुन्हा ओढलं. दोन-तीन सेकंदांचा सगळा खेळ. प्रवाशांना पट्टे होते, ते वाचले. शेवटच्या रांगेत एक एअर होस्टेस चहा देत उभी होती. ती छताला आपटली आणि खाली पडली. मणक्याला लागलं. ती पोर पुन्हा उडाली नाही, अजून काठी घेऊन चालते.

"चौकशी व्हयनी," अक्का म्हणाल्या. "यंत्र बिघडेल व्हतं असंच समदा म्हने. कागदवर तो सुटना. पन त्याले ठाऊक शे. यंत्र सुटनं तवय इमान सरळच जाई ऱ्हायंतं. वाकडं यानी करं. माले एकच सांगस, 'अक्का, मी नुसता बठी ऱ्हातू ते ती पोर पडती नही.'"

आबा एकदा तिला भेटायला गेले होते. तिने चहा केला आणि म्हणाली, सर, तुमची काही चूक नव्हती. त्या दिवसापासून आबांनी चहा सोडला. नोकरी तर आधीच सोडली होती.

मला बस आठवली. खाली पत्र्यावर मांडी घालून बसलेले आबा, आणि उभ्या कंडक्टरच्या पायांवरची त्यांची नजर. मला रडू आलं आणि ते मी चुलीच्या धुरावर ढकललं. संध्याकाळी धुळ्याला परतताना आबांनी नेहमीप्रमाणे अर्धी बस खाली बसवली. त्यांनी सांगायच्या आधी मी पहिली खाली बसले. अक्कांनी मला सांगितलं हे त्यांना माझ्या बसण्यावरूनच कळलं असावं, कारण ते माझ्याकडे बघून खिडकीकडे वळले. आम्ही त्यावर कधीच बोललो नाही. पुढच्या आठवड्यात घड्याळ वाजलं तेव्हा माझे हात हलले नाहीत आणि आबा उतर म्हणाले नाहीत.

याला आता बरीच वर्षं झाली. मी विमान कंपनीत लागले. आबांनी शिकवणं थांबवलं आणि ते भडगावला जाऊन राहिले. आखाजीला फोन व्हायचा. "दीपनगर, हात कसे आहेत?" एवढंच विचारायचे, आणि मी हलके आहेत म्हणायची.

आणि मग गेल्या पंधरवड्यातली ती दुपार आली. त्या फेरीत विमान चालवायचं काम माझ्याकडे होतं. शेजारचे कॅप्टन माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, शांत गृहस्थ. आकाश कोरडं, खाली पांढुरक्या ढगांचा थर, सीटबेल्टचा दिवा बंद. मागे चहापाणी चाललेलं. ऑटोपायलट विमान चालवत होता आणि मी पुढच्या विमानतळाचं हवामान वाचत होते. काहीही चुकत नव्हतं. आणि घंटा वाजली.

आमच्याकडची ती घंटा माणसाला खुर्चीतून उठवेल अशीच केलेली असते. लाल दिवा लागला. ऑटोपायलट सुटला होता. आम्ही कोणी त्याला हात लावला नव्हता. मी दचकले. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला कॅप्टनचा हात उठलेला दिसला, कंट्रोलकडे निघालेला, बोटं आवळत आलेली. तो हात मी ओळखला. अक्कांनी चुलीपुढे मला जो सांगितला होता, तोच तो. मागे कोणीतरी नक्की उभं असणार, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

"विमान माझ्याकडे आहे सर," मी म्हणाले. कॅप्टनचा हात हवेत थांबला.

माझे हात कंट्रोलवर गेले होते, पण त्यांनी तो धरला नव्हता. बोटं नुसती खाली होती. घंटा वाजत होती. मी विमानाला विचारलं, तू काय करतंयस. नाक जागेवर होतं. पंख सरळ होते. वेग दाखवणाऱ्या काट्यांपैकी एक काहीतरी भलतं सांगत होता, दुसरे दोन एकमेकांशी जुळत होते. विमान काहीच करत नव्हतं, ते आपलं चाललं होतं. किती सेकंद गेले मला सांगता येणार नाही. मग डावा पंख थोडा, अगदी थोडा झुकायला लागला, आणि मी दोन बोटांनी त्याला वर घेतलं. त्यानंतर मी घंटा बंद केली.

पुढचं सगळं नेमाचं होतं. सीटबेल्टचा दिवा लावला, मागच्यांना बसायला सांगितलं, तपासणीच्या याद्या वाचल्या, ऑटोपायलट पुन्हा लावून बघितला, तो टिकला नाही. जमिनीवरच्या नियंत्रकांना सांगून खालच्या उंचीवर आलो आणि उरलेला पाऊण तास मी हातानेच उडवलं. उतरल्यावर इंजिनीअर आले, एक भाग बदलायला लागेल म्हणाले. कॅप्टन उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. "माझा हात निघाला होता," ते म्हणाले. मी हो म्हणाले.

प्रवासी उतरून गेले तेव्हा मी विमानात मागे गेले. तिथे मेघना नावाची नवी मुलगी कप आवरत होती. मी विचारलं, "सीटबेल्टचा दिवा लागायच्या आधी तू कुठे होतीस?"

"शेवटच्या रांगेत. चहा देत होते."

"उभी?"

"हो. का मॅडम?"

"काही जाणवलं का तुला?"

ती विचारात पडली. "कधी?" ती म्हणाली.

मी तिथल्याच एका सीटवर बसले. हे मला एकाच माणसाला सांगायचं होतं, आणि त्याच माणसाला सांगायची भीती वाटत होती. कारण यात एक गोष्ट सिद्ध होत होती. घंटा वाजल्यावर बसून राहता येतं, आणि बसून राहिलं तर मागे उभी असलेली पोर पडत नाही. आबा इतकी वर्षं जे स्वतःला सुनावत आले, ते खरंच होतं हे सांगायला मी जाणार होते.

सातव्या दिवशी मी जळगावहून पाचोऱ्यामार्गे भडगावला गेले. आबा ओट्यावर खुर्चीत होते. बूट तेच, पांढरे. हात मात्र कापायला लागले होते, गेल्या वर्षीपासून, असं अक्का म्हणाल्या. आबांनी ते मांडीखाली घातले होते.

मी सांगायला सुरुवात केली. घंटा वाजली म्हटलं तसे ते पुढे झुकले. कॅप्टनचा हात निघाला म्हटलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. "मग?" ते म्हणाले. मी बसून राहिले, असं मी सांगितलं. "किती सेकंद?" मला माहीत नाही, मी म्हणाले. "मग?" मग पंख झुकला, तो दोन बोटांनी घेतला.

"कोनले लागनं का?"

"नाही आबा."

"मागं कोनी उभं व्हतं?"

"एक मुलगी होती. शेवटच्या रांगेत. चहा देत होती."

आबांनी डोळे उघडले. आता थांबून चालणार नव्हतं. "मी तिला विचारलं, काही जाणवलं का," मी म्हणाले. "तर ती म्हणाली, कधी?"

"तिले समजनंच नही?"

"नाही."

"चहा सांडना?"

"थेंबही नाही."

"पुन्हा सांग," आबा म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. "ती काय म्हणाली ते सांग." कधी, असं म्हणाली. त्यांनी तिचं नाव विचारलं. मी मेघना म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि हळूच दुसरंच एक नाव घेतलं, "वंदना." ओट्याच्या दारात अक्का उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. विमानात पडलेल्या त्या पोरीचं नाव इतक्या वर्षांत त्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं.

"इतलं सोपं व्हतं," आबा म्हणाले.

ज्याला मी भीत होते तेच हे वाक्य होतं. मी मान खाली घालून बसले. मग अक्का पुढे आल्या आणि रागावल्यासारख्या म्हणाल्या, "हिले तू शिकाडं. तुले कोनी शिकाडं व्हतं?"

आबा गिरणेच्या बाजूला बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी मांडीखालचे हात बाहेर काढले. हात कापत होते. ते त्यांनी तसेच गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "अक्का, चहा टाक. तिघांचा." अक्का आत गेल्या. मला आतून भांड्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच आला नाही.

चहा पिताना आबांच्या हातातला कप हलत होता. थोडा चहा बशीत सांडला, थोडा धोतरावर. त्यांनी तो पुसला नाही.

मला सोडायला ते स्टँडपर्यंत आले. बस भरून आली. दारातून आत शिरायलाही जागा नव्हती, बसायची तर गोष्टच सोडा. मी कशीबशी चढले, वरची दांडी धरली आणि खिडकीतून खाली बघितलं. आता आबा चढणार, कोणालातरी उठवणार, अर्धी बस खाली बसवणार, हे मी धरूनच चालले होते. मी आपली खाली बसायची जागा शोधायलाही लागले होते. कंडक्टर माझ्या शेजारीच उभा होता. आबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचं तोंड उघडलं. मी वाट बघितली.

कंडक्टरने घंटी मारली. आबांनी तोंड मिटलं, कापणारा हात वर उचलला, तळवा खाली केला आणि हवेत बोटं हलकी हलवली. मांडा फिरवताना अक्कांची बोटं हलायची तशी. बस निघाली. आबा वळले आणि पांढऱ्या बुटांनी घराच्या वाटेला लागले. ते मागे बघायला थांबले नाहीत, आणि मी पाचोऱ्यापर्यंत उभ्याने गेले.